काळीपिवळीचा पोळा

रिकामी जागा दिसली की आमच्या घरमालकांचा हात शिवशिवायचा. दारावर मोर, रांजणावर वेल, सायकलच्या मडगार्डवर मासोळ्या. परसातल्या संडासाच्या पत्र्याच्या दारावर त्यांनी एक भलंमोठं बदक काढलं होतं. हातात डबडं घेऊन त्या बदकाकडे बघत मी आयुष्यातल्या कित्येक सकाळी ताटकळले आहे. आजही चित्रात बदक दिसलं की मला उगाच घाई होते.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचा खरा जीव होता जीपमध्ये. मंठ्याच्या स्टँडवरून परतूरला जाणारी काळीपिवळी जीप, मालक तेच, ड्रायव्हर तेच आणि नटवणारेही तेच. गाडीचा रंग बदलायची परवानगी नव्हती, म्हणून ते म्हणायचे, "काळा आन् पिवळा सरकारचा. बाकी समदं आपलं." आणि हे बाकी समदं म्हणजे काय होतं, ते एकदा ऐकाच. पुढच्या बंपरची दोन्ही टोकं लोहाराकडून वर वळवून घेतलेली, त्यांना हिंगुळाचा लाल रंग आणि वर बेगडाच्या पट्ट्या. ती शिंगं. दिव्यांना काळ्या रंगाच्या पापण्या. दोन्ही आरशांना लोकरीचे गोंडे, ते कान. बॉनेटवर चिंध्यांची शिवलेली झूल, कडेला कवड्या. गळ्यात, म्हणजे जाळीच्या खाली, खरीखुरी घुंगरमाळ. रस्त्यात खड्डे इतके, की जीप दिसायच्या आधी घुंगरं ऐकू यायची. त्यामुळे हॉर्न त्यांनी काढूनच टाकला होता. बैलाला कुठं हॉर्न असतो?

मी तेव्हा बावीस वर्षांची. औरंगाबादला डी.एड. करून नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि परतूरच्या वाटेवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण. चित्रकलेची एक परीक्षा पास होते. तेवढ्या भांडवलावर मला जगातल्या सगळ्या रंगांबद्दल मत होतं. फिक्कट म्हणजे सुसंस्कृत आणि भडक म्हणजे अडाणी, अशी माझी पक्की वाटणी. माझ्या साड्या राखी, मातकट, नाहीतर धुऊन धुऊन कोणताच रंग न उरलेल्या. त्या साड्यांनी मला त्या जीपमध्ये जो अपमान सोसायला लावला, तो सांगते.

मालक माणसं बसवायचे रंगाप्रमाणे. जाडजूड कोण, म्हातारं कोण, आधी कोण उतरणार, काही बघायचे नाहीत. हिरवं लुगडं, दाळिंबी, जांभळं, हळदीचं पिवळं, ही खिडक्यांना. पांढऱ्या टोप्या मागच्या दाराशी, ओळीनं. "गाडी बाहीरून भरल्यावाणी दिसली पायजे," म्हणायचे. एकदा एक बाई कळवळून म्हणाली, मामा, मला मळमळतं, मला खिडकी द्या. मालक तिच्या पातळाकडे बघत राहिले आणि फार दुःखानं म्हणाले, "देल्ली असती माय. पर तुहा रंग दिसत न्हाई गं." शेवटी त्यांनी आपल्या गळ्यातलं लाल उपरणं तिच्या डोक्यावर टाकलं आणि मग खिडकी दिली.

मी अर्थातच कायम मधोमध. दोन्हीकडून कोपरं, मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी कोंबडी. दोन महिने मी तत्त्वासाठी सोसलं. तिसऱ्या महिन्यात परतूरच्या बाजारातून पोपटी साडी आणली. अशी पोपटी, की शाळेतल्या पोरांनी त्या दिवशी फळ्याकडे पाहिलंच नाही. पण मालकांनी स्टँडवर मला दुरूनच पाहिलं, खिडकीतल्या माणसाला उठवलं, आणि म्हणाले, "या बाई." तेवढ्या दोन शब्दांनी मी आठवडाभर हवेत होते. सुसंस्कृतपणा कुठं गेला, कोण जाणे.

खिडकी मिळाली तेव्हा मला गाडीचं आतलं अंग नीट दिसलं. आतून सगळीकडे प्लायवूड ठोकलेलं होतं आणि त्यावर बांगड्यांच्या काचांची नक्षी. वेली, राघू, तुळशीवृंदावन, नागपंचमीचे नाग. एवढ्या गर्दीत, एवढ्या खड्ड्यांत बायकांच्या बांगड्या वाढणारच. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तर संध्याकाळी गाडी झाडताना मालक ते तुकडे वेचायचे, धुवायचे आणि गॅरेजातून आणलेल्या पुट्टीत एकेक बसवायचे. बायका चढल्या की आधी वर बघायच्या. ती शेपटीतली निळी माही. ती न्हाई, ती माह्या नणंदंची, माही पल्याडची. कुणी मुंबईला गेलेली, कुणी सासरी नांदत असलेली, कुणी आता हातात बांगडी भरत नसलेली. सगळ्यांच्या काचा तिथं शेजारी-शेजारी. एक म्हातारी दर बाजाराच्या दिवशी चढताना एका राघूच्या चोचीला बोट लावायची आणि ते बोट कपाळाला. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

सगळं भरलेलं होतं. फक्त ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीवर, मालकांना आरशातून बरोब्बर दिसेल अशा ठिकाणी, तळहाताएवढी जागा कोरी. चोहोबाजूंनी वेल तिथवर येऊन थांबलेली. रिकामी जागा सहन न होणाऱ्या माणसाच्या गाडीत ही एवढी जागा कशी राहिली, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "ते घरचीसाठी हाय. ती बसंल, तिची एक वाढंल, तव्हा भरंल."

घरची म्हणजे काकू. आणि काकू त्या गाडीत बसत नव्हत्या.

त्याचं कारण मला काकूंनीच सांगितलं, भाकरी थापता थापता, आवाज जराही न चढवता. त्यांच्याकडे बैलजोडी होती, हरण्या आणि पवळ्या. दोन्ही बैल काकूंनी वासरं असल्यापासून वाढवलेले, पवळ्याला तर बोळ्यानं दूध पाजून. मग पाऊस नसलेली वर्षं आली, वैरण मिळेना, आणि मालकांनी जोडी बागायती जमीन असलेल्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली. जोडी विकली आणि जीप आणली. "इकली त्याचं काय न्हाई," काकू म्हणाल्या. "इथं राह्यली असती तं वैरणीवाचून मेली असती. पर मी माहेरी गेल्ते, तव्हा इकली. जाताना पायावर पाणी न्हाई घालू देल्लं, कुकू न्हाई लावू देल्लं. आल्ते तं दावणीला हा डबा उभा."

त्या डब्यात पाय ठेवणार नाही, असं त्या तेव्हा म्हणाल्या आणि त्यावर कायम राहिल्या. नवऱ्याशी बोलणं-चालणं सगळं होतं, बरं का. जेवायला गरम वाढायच्या, ताप आला तर काढा करायच्या. पण कुठं जायचं तर लाल एसटीनं, नाहीतर पायी. मी मात्र बावीस वर्षांची शहाणी. माझं निदान असं की मालकांना गाडी नटवायचा छंद आहे आणि काकूंना गाडीचा राग आहे, दोन वेगळ्या गोष्टी. ती एकच गोष्ट आहे हे मला कळायला किती वेळ लागावा?

गाडीच्या मागच्या बाजूला एक चित्र होतं. जाणाऱ्या दोन बैलांच्या पाठी. गाडीवानाला दिसतात तशा. वशिंड, शेपट्या, एकाचं शिंग जरासं आत वळलेलं. मी त्यांना चित्रकलेच्या अधिकारानं सुचवलं की तोंडं काढा, पाठ काय काढायची? ते नुसतं "बरं बाई" म्हणाले. मला वाटलं, यांना तोंड जमत नसावं. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी ओट्यावर दात घासत असताना मी पाहिलं. सकाळी मालक गाडी काढायचे तेव्हा काकू कधी दारात यायच्या नाहीत. गाडी गल्लीतून वळून पाठमोरी झाली, की मग यायच्या. कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहायच्या. हातात खरकट्या पाण्याचा तांब्या, तोही तसाच.

एकदा काकू परतूरला भावाकडे निघाल्या, एसटीनं. मागच्या बाकावर बसल्या. त्या दिवशी मालकांनी जीप एसटीच्या मागं लावली आणि शेवटपर्यंत पुढं काढली नाही. रस्ता मोकळा, एसटी खटारा, जीपमधली माणसं बोंबलत होती. अहो मामा, काढा की पुढं, माही मोंढ्यातल्या लिलावाची वेळ चालली. मालकांनी उलट एका हातानं आरशाचे गोंडे सारखे केले. एसटीच्या मागच्या काचेत काकूंचा अंबाडा दिसत होता. तो काही वळला नाही. माझ्या शाळेचं गाव आलं, मी उतरायला तयार नाही, शेवट बघायचा म्हणून मी तशीच परतूरपर्यंत गेले. शाळेला दांडी. एसटी थांबली, काकू उतरल्या, जीपसमोरून सरळ निघाल्या. मला पाहिल्यावर मात्र थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यास्नी सांगा, उजव्या कानाचा गोंडा सुटून राह्यला."

हे पाहिल्यावर ही जोडी जुळवायचं काम आपलंच, असं मी ठरवलं. शाळेत हळदीकुंकू ठेवलं आणि काकूंना मानाची पाहुणी म्हणून बोलावलं. यायचं तर सकाळी माझ्याबरोबरच निघावं लागेल, म्हणजे जीपनेच. त्या हसल्या आणि बरं म्हणाल्या. मालकांना मी खुशखबर दिली. त्यांनी सगळी गाडी ओढ्यावर नेऊन घासली, कवड्या नव्या लावल्या, त्या खिडकीच्या जागेवर घडी केलेली शाल अंथरली. सकाळी बघते तर काकू घरात नाहीत. आमची जीप शाळेपाशी पोचली तेव्हा मानाच्या खुर्चीवर त्या बसलेल्या होत्या. चपला धुळीनं पांढऱ्या, चेहऱ्यावर घाम, आणि मला म्हणाल्या, "लई उशीर केला बाई." त्या शालीवर त्या दिवशी कुणालाच बसू दिलं नाही मालकांनी. मला तर नाहीच.

आता पोळ्याचं सांगते. कारण सगळं तिथं येऊन थांबतं.

पोळ्याला बैलांना सुट्टी. त्या दिवशी मानेवर जू ठेवायचं नाही. मालकांची जीपही त्या दिवशी सुरू होत नसे. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. लोक बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळायचे, हे चाकांच्या आसाला ग्रीस-हळद. पोळ्याच्या दिवशी इंजिन बंद ठेवून चार माणसं जीप ढकलत मिरवणुकीत न्यायची. पहिल्या वर्षी म्हणे गाव हसलं, बैल बुजले. मी आले तोवर बैलांनाही सवय झाली होती. मारुतीला फेरी घालून सगळे आपापल्या दारी परतायचे, घरोघरच्या बायका ताट घेऊन बाहेर यायच्या, बैलांच्या पायावर पाणी, कपाळाला कुंकू, तोंडात पुरणपोळी. आमच्याही दारात जीप येऊन उभी राहायची. मालक तिच्या शिंगाला हात लावून थांबायचे. आत काकू मातीचे दोन बैल पुजत असायच्या. त्या बाहेर येत नसत. अंधार पडायला लागला की मालक गाडी बाजूला सारायचे.

माझ्या पहिल्या पोळ्याला मला ते बघवेना, म्हणून मीच ताट घेऊन गेले. ते हात जोडून म्हणाले, "तुमचं मन मोठं हाय बाई. पर ह्यो मान घरचीचा. थांबतो मी. मला काय घाई हाय?"

दुसऱ्या पोळ्याला मला दिवस भरत आलेले. अजून दोन-तीन आठवडे आहेत, असं सगळ्यांचं गणित. आई पुढच्या आठवड्यात येणार होती. आमचे हे बदनापूरकडं त्यांच्या गावी बैलांसाठी गेले होते. थोरल्या मुलाला पोळ्याला जावंच लागतं. दुपारी मी मिरवणूक बघायला ओट्यावर बसले होते, पुरणपोळ्या जरा जास्त झाल्या असतील असं वाटत होतं, तूप तर काकूंनी वाटीनं वाढलेलं. अजीर्ण, अजीर्ण म्हणत मी ओवा खात होते. जीप दारात येऊन उभी राहिली तोवर त्या अजीर्णानं माझी कंबर धरली होती. काकूंनी पोटावर हात फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. बाळ फिरलेलं नव्हतं, पाय खाली होते. मंठ्यात त्या दिवशी डॉक्टर नव्हते. नर्सबाई आल्या, त्यांनी तपासलं, आणि परतूरला न्या, वेळ घालवू नका, म्हणाल्या. एसटी गेलेली. बाकीचे जीपवाले सणाला आपापल्या गावी.

दारात एक गाडी होती. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, गळ्यात झेंडूच्या माळा. मालक तिच्यापाशी उभे होते आणि त्यांच्या हातात किल्ली होती. सणासाठी आतल्या खिशात ठेवून दिलेली ती किल्ली ते नुसती हातात धरून काकूंकडे बघत होते. गाडी काढणार होते ते, यात मला कधीच शंका वाटली नाही. पण विचारल्याशिवाय एकदा जोडी नेली होती. दुसऱ्यांदा न विचारता नेणार नव्हते.

काकू आत गेल्या. मला वाटलं, माझी बोचकी आणायला. त्या ताट घेऊन बाहेर आल्या. तांब्यातलं पाणी आधी एका पुढच्या चाकावर घातलं, मग दुसऱ्या. बॉनेटच्या मधोमध कुंकू लावलं, पोळीचा तुकडा जाळीशी धरला आणि खाली ठेवला. मग दोन्ही हात त्या पत्र्यावर टेकवून हलकेच म्हणाल्या, "सणाचं जुपून राह्यलो बापा, माफ कर." एवढ्याशा वेळात मी ओट्यावर काय काय ओरडत होते, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ते पाणी घातलेलं मला दिसलं.

मग त्या मालकांकडे वळल्या. "काय बघून राह्यले? जुपा."

ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी काकू बसल्या, त्यांच्या मांडीवर माझं डोकं. वर बघितलं की ती कोरी जागा, आणि तिच्याखाली काकूंचा हिरव्या काचांनी भरलेला हात. घुंगरं वाजायला लागली.

तो रस्ता मी रोज खाल्लेला. कुठल्या खड्ड्यात कोणतं हाड आपटतं, मला पाठ. मी डोळे मिटून एकेका खड्ड्याची वाट बघत होते, आणि खड्डा येत नव्हता. मालक चाक असं टेकवत होते जसा कुणी झोपलेल्या पोराशेजारून पाय उचलून टाकतो. कडेनं, मधून, कधी पार शेताच्या बांधालगत. मी कळ आली की ओरडायची, जल्दी हाणा हो. ते आरशात बघायचे आणि म्हणायचे, "पोचतो बाई, बराबर पोचतो." रस्त्यावर बैल घेऊन परतणारी माणसं बाजूला होत होती. एक सायकलवाला आमच्या पुढं निघून गेला. तेव्हा काकूंनी माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि पुढच्या पाठीला उद्देशून पहिल्यांदाच त्या गाडीत बोलल्या.

"एवढं सावकाश हाकायचं होतं, तं बैलं काय वाईट होते?"

मालकांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते बघायला मला तेव्हा फुरसत नव्हती.

आम्ही वेळेत पोचलो. मुलगा झाला, पाय आधी. मालक दवाखान्याच्या दारात सगळ्यांना सांगत होते की पोरगं खुर दाखवत आलं. काकूंनी त्याला पवळ्या म्हणायला सुरुवात केली आणि बारसं होऊन चांगलं नाव ठेवल्यावरही तेच म्हणत राहिल्या. पुढे कित्येक वर्षं मी येईल त्याला सांगायची, मालकांनी माझ्यासाठी गाडी कशी फुलासारखी नेली म्हणून. अगदी डोळ्यांत पाणी आणून सांगायची. आरशात ते कुणाकडे बघत होते, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. माणसानं स्वतःला एवढं महत्त्वाचं समजायला वयच बावीस-चोवीसचं लागतं.

आमची बदली झाली, मग आणखी एक. पवळ्या शिकला, पुण्याला गेला, त्याची पांढरी गाडी आली. तिला लिंबू-मिरचीसुद्धा लावू देत नाही. रंग खराब होतो म्हणे. दोन हजार सालानंतर कधीतरी त्याच गाडीतून आम्ही मंठ्याला गेलो.

दाराचा मोर पुसट झाला होता. बदक मात्र ठणठणीत. जीप अंगणात विटांवर उभी, चाकं काढलेली, शिंगांना त्या वर्षीचा ताजा हिंगूळ. पुढं मालक बसले होते, हात स्टीअरिंगवर. त्यांच्या मागच्या खिडकीशी काकू, सुपात तूर निवडत. रोज संध्याकाळी दोघं तिथंच बसतात, असं शेजारीण म्हणाली. दिवेलागणीला उतरतात.

मी त्या खिडकीत वाकून आत पाहिलं. वेली, राघू, वृंदावन, सगळ्यांच्या काचा. मधोमध ती तळहाताएवढी जागा तशीच कोरी. पोळ्याच्या त्या दिवसानंतर काकू कायम त्याच गाडीनं हिंडल्या होत्या, परतूर, जालना, कुठं कुठं. मी मालकांना म्हटलं, एवढ्या वर्षांत एक तुकडा नाही मिळाला तुम्हाला?

त्यांनी आरशात पाहिलं. आरशाला अजून गोंडे होते. "काय करता बाई," ते म्हणाले, "वाढलीच न्हाई एक बी."

काकूंनी सूप पाखडलं. मनगटावर हिरव्या काचा वाजल्या, भरगच्च.

"वाढंल कशी?" त्या म्हणाल्या. "आता तं त्याहून सावकाश हाकून राह्यले."

मग सरकून त्यांनी मला आत जागा करून दिली. मी चढले. मालकांनी मागे वळून माझ्या साडीकडे पाहिलं, म्हातारपणी पुन्हा राखी झालेल्या, आणि फार दुःखानं म्हणाले, "बाई, तुम्ही मधी बसा."